नोंदींचे स्थलांतर आणि गहाळ फाइली : जुन्नरच्या लेण्यांच्या निमित्ताने

जुन्नरहून पश्चिमेस घाटघरमार्गे नाणेघाटाकडे गेले असता घाटाच्या तोंडाशी जे लेणे लागते, त्याच्या मागील भिंतीवर एके काळी सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या उठावाच्या मूर्ती होत्या. आज त्या मूर्ती नाहीत. पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. मूर्तींच्या वर कोरलेली नावे मात्र विद्वानांनी वाचून ठेवली आहेत : सिमुक सातवाहन, राणी नायनिका आणि श्री सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. हे लेणे बौद्ध नव्हे, तेथील मोठा लेख यज्ञ आणि दक्षिणा यांचा आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तरीही प्रस्तुत विषयासाठी त्या भिंतीइतके चांगले उदाहरण आम्हांस दुसरे सुचत नाही. नाव आहे, पण ज्याचे नाव ती वस्तू जागेवर नाही. संगणकावरील नोंदी एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेताना नेमकी हीच स्थिती वारंवार उद्भवते, आणि तिचे काय करावे हे ठाऊक नसल्यामुळे जे एकदा हरवले ते कायमचे हरवते.

हा विषय या पृष्ठांवर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. शिलालेखांची वाचने, ठशांची छायाचित्रे, लेण्यांची मोजमापे आणि पालि ग्रंथांचे पाठ हे सर्व आता कागदावर कमी आणि संगणकावर अधिक ठेवले जाते. अनेक अभ्यासक एकाच पाठावर काम करतात. कोणी वाचन सुधारतो, कोणी जुने वाचन परत आणतो. कोणी, केव्हा, काय बदलले याचा हिशेब ठेवणारी जी व्यवस्था असते, तिला आवृत्ती-नियंत्रण प्रणाली म्हणतात. संगणकतज्ज्ञांनी ती आपल्या कामासाठी घडविली. पण पाठभेदांची शिस्त ज्यांच्या परंपरेत मुरलेली आहे, त्या बौद्ध अध्ययनाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

जुन्नरच्या लेखांचा इतिहास पाहिला तर तो स्थलांतरांचाच इतिहास आहे. कर्नल साइक्स यांनी १८३७ मध्ये जुन्नरजवळच्या लेण्यांतील लेखांच्या नकला लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केल्या. १८८१ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांचा पश्चिम भारतातील लेणी-लेखांचा संग्रह मुंबईत निघाला. १८८३ च्या अहवालात ब्यूलर यांची वाचने आली. १९१२ मध्ये ल्यूडर्स यांनी ब्राह्मी लेखांची आपली सुप्रसिद्ध सूची एपिग्राफिया इंडिकाच्या दहाव्या खंडाची पुरवणी म्हणून दिली आणि प्रत्येक लेखास एक सलग क्रमांक दिला. विद्या देहेजिया यांचा १९७२ चा ग्रंथ आणि जपानी विद्वान त्सुकामोतो यांचा १९९६ पासूनचा संग्रह हे त्यापुढील टप्पे. प्रत्येक टप्प्यावर क्रमांक बदलले, वाचने बदलली. मागच्या सूचीतील प्रत्येक नोंद पुढच्या सूचीत सापडते की नाही, हे तपासण्याचे काम अभ्यासकाच्या चिकाटीवर सोडलेले राहिले.

या नोंदींचे मोल किती, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. जुन्नरला इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांची दाने आहेत. ल्यूडर्सच्या सूचीत त्यांचे क्रमांक अनुक्रमे ११५४, ११८२ आणि ११५६ असे आहेत. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने संघासाठी भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये मंडप आणि टाके दिले. राजांची नावे पुराणांत, नाण्यांवर, अन्यत्रही मिळतात. इरिलाचे नाव मात्र त्या एका ओळीवाचून जगात दुसरीकडे कोठेही नाही. ती ओळ एखाद्या स्थलांतरात गळाली, तर एक उपासक इतिहासातून नाहीसा होतो, आणि तो नाहीसा झाला हेही कोणास कळत नाही.

आता प्रणालींविषयी. १९८०च्या दशकात उदयास आलेली सी.व्ही.एस. ही प्रणाली दीर्घकाळ प्रचारात होती. तिच्यात प्रत्येक फाइलचा इतिहास स्वतंत्र ठेवला जातो. दहा फाइलींत एकाच वेळी केलेला बदल हा एकच बदल होता, हे तिला सांगता येत नाही. पुढे सबव्हर्जन आली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ ची. तिने संपूर्ण भांडाराला एकच अनुक्रम दिला. २००५ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी गिट सुरू केली आणि आज बहुतेक काम तिच्यातच चालते. गिटमध्ये प्रत्येक अभ्यासकाजवळ सामान्यतः सर्व इतिहासाची पूर्ण प्रत असते. जुन्या दोन प्रणालींत इतिहास एका मध्यवर्ती यंत्रावर असे, आणि ते यंत्र बिघडले की सर्वांचाच कारभार थांबे. म्हणून जुन्या भांडारांचे गिटमध्ये रूपांतर करणे इष्टच आहे. अडचण आहे ती रूपांतर करण्याच्या रीतीत.

फाइल 'हरवली' असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात निरनिराळ्या गोष्टी घडलेल्या असतात. पुष्कळदा ती हरवलेली नसतेच, तिचे नाव बदललेले असते. लेण्याद्री, गणेश लेणी आणि सुलेमान डोंगर ही एकाच लेणीसमूहाची नावे आहेत. एका सूचीतून 'सुलेमान' नाहीसे झाले आणि दुसरीत 'लेण्याद्री' अवतरले, तर अजाण मनुष्य एक समूह बुडाला आणि एक नवा सापडला असे समजेल. सी.व्ही.एस. अगदी असेच समजते. तिला नाव बदलणे ठाऊकच नाही, जुने काढले आणि नवे घातले एवढेच ती जाणते. गिटदेखील नामांतराची नोंद करीत नाही. दोन फाइलींतील मजकूर किती जुळतो हे पाहून ती तर्क करते, आणि निम्म्याहून अधिक मजकूर जुळला तरच ती एकच फाइल आहे असे सामान्यतः मानते. एकाच नोंदीत नावही बदलले आणि मजकुराचीही मोठी डागडुजी केली, की धागा तुटला. नामांतर आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात, असे जाणकार सांगतात ते यासाठीच.

याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे : दोन भिन्न वस्तूंचे नाव एकच असणे. मानमोडी डोंगरातील एका लेणीसमूहास भीमाशंकर म्हणतात. भीमा नदीच्या उगमाजवळचे भीमाशंकर, जिकडे आंबेगाव तालुक्यातून घोडेगाव-डिंभे मार्गे वाट जाते, ते निराळे. शिवाय जुन्नरच्या प्रत्येक समूहात लेण्यांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. लेणे क्रमांक ७ लेण्याद्रीस आहे (आज तेथे गणेशाची पूजा होते, पण ते मुळात भिक्खूंचे विहार आहे) आणि अन्य समूहांतही आहे. समूहवार फोल्डर असेपर्यंत यात बाधा नाही. पण रूपांतर करताना कोणी सर्व फाइली एकाच फोल्डरमध्ये ओतल्या, तर 'लेणे-७' या नावाची शेवटची फाइल आधीच्या सर्वांवर बसते. फाइलींची संख्या कमी झाल्याचे कोणी मोजले नाही, तर पत्ताही लागत नाही. विंडोज आणि मॅक यंत्रांवर रोमन लिपीतील मोठ्या व लहान अक्षरांचा भेद सहसा मानला जात नाही, त्यामुळेही असाच एक फाइल दुसरीला गिळण्याचा प्रकार होतो.

सी.व्ही.एस.मध्ये वगळलेल्या फाइली 'ॲटिक' नावाच्या फोल्डरमध्ये जातात. ॲटिक म्हणजे माळा. वापरात नसलेली भांडी माळ्यावर टाकावीत, तशी ही योजना; वस्तू घराबाहेर जात नाही, दृष्टीआड होते. परंतु काही व्यवस्थापक फाइलचे नाव इतिहासासह बदलावे म्हणून यंत्रावरील मूळ इतिहास-फाइल हाताने उचलून दुसरीकडे ठेवीत. त्याचा परिणाम असा की जुन्या काळातील प्रत्येक आवृत्तीतून जुने नाव पुसले जाते आणि नवे नाव जणू पहिल्या दिवसापासून होते असे दिसते. कधी तीच फाइल माळ्यावरही असते आणि घरातही. 'सीव्हीएस-टू-एसव्हीएन' नावाचे रूपांतरक अशा वेळी काम थांबवून माणसाला निर्णय विचारते. हे थांबणे अनेकांना त्रासदायक वाटते. आमच्या मते तोच त्या साधनाचा मोठा गुण आहे.

वगळलेल्या फाइलींविषयी आंबेगावचे स्मरण होते. ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले, ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याच्या कचेऱ्या घोडेगावात आहेत, नाव मात्र आंबेगावच राहिले. आजच्या नकाशाची तेवढी नक्कल करून पुढे जाणाऱ्यास हे नाव कोठून आले, हे उमगणार नाही. कित्येक जण रूपांतर म्हणजे जुन्या भांडारातील अखेरची स्थिती उतरवून नव्यात टाकणे असे समजतात. त्यात वगळलेली प्रत्येक फाइल जाते, आणि उरलेल्या नोंदींत त्या फाइलींचे जे उल्लेख असतात ते आधाराविना लोंबकळत राहतात. धरणाखालचे गाव नकाशात नसले तरी जुन्या नोंदींत असलेच पाहिजे.

सर्वांत अनपेक्षित हानी होते ती रिकाम्या फोल्डरांची. जुन्नरच्या परिसरात १८०हून अधिक खोदकामे आहेत; लेख मात्र सुमारे तीन डझन. कोणी प्रत्येक लेण्याचे एक फोल्डर केले आणि त्यात तेथील लेखाची फाइल ठेवली, तर बहुसंख्य फोल्डर रिकामे राहतील. सबव्हर्जन रिकामे फोल्डरही नोंदून ठेवते. गिट ठेवीत नाही. तिच्या दृष्टीने फाइल हेच अस्तित्व, फोल्डर म्हणजे फाइलच्या नावातील केवळ एक भाग. तेव्हा रूपांतर बिनचूक पार पडल्याचा निरोप येतो, एकही अक्षर हरवलेले नसते, आणि तरीही दीडशेच्या आसपास लेणी जुन्नरच्या डोंगरांतून नाहीशी झालेली असतात. उरतात फक्त लेख असलेली. त्यावरून उद्या कोणी असा निष्कर्ष काढला की येथील जवळजवळ प्रत्येक लेण्यास लेख आहे, तर त्याला दोष कसा द्यावा? तुळजा लेण्यातील बारा स्तंभांचे ते वर्तुळाकार चैत्यगृह आपल्या स्थापत्यामुळे विख्यात आहे, एखाद्या दानलेखामुळे नव्हे. 'येथे लेख नाही' हीदेखील कोणी तरी भिंत न्याहाळून मिळविलेली माहिती आहे. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक रिकाम्या फोल्डरमध्ये एक लहान फाइल ठेवावी. 'गिट-एसव्हीएन' या साधनात तशी सोय आहे; ते रिकाम्या जागी खूण म्हणून फाइल घालते. पण यंत्राने घातलेल्या कोऱ्या फाइलीपेक्षा 'पाहणी केली, लेख आढळला नाही' अशी पाहणीच्या दिनांकासह एक ओळ लिहिणे कितीतरी अधिक उपयोगी. पाहणीच झाली नसेल, तर तसे लिहावे. या दोन वाक्यांतील अंतर लहान नाही.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे, जिचा विचार इंग्रजी मार्गदर्शकांत क्वचितच सापडतो. 'पायऱ्या' हा शब्द घ्या. त्यातील ऱ्या डोळ्यांना एकच दिसतो, पण संगणकात तो तीन रीतींनी लिहिलेला असू शकतो : ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पहिल्या दोन रीती युनिकोडच्या नियमाने समान मानल्या जातात, तिसरी मात्र निराळीच ठरते. मॅक यंत्रांची जुनी फाइल-व्यवस्था पहिल्या रीतीचे नाव मिळाले तरी ते फोडून दुसऱ्या रीतीने साठवीत असे. तेव्हा 'शिवनेरी-पायऱ्या' नावाची फाइल एका यंत्रावर ठेवली आणि दुसऱ्यावर मागितली, की ती 'सापडत नाही'. फोल्डर उघडून पाहावे तर ती समोर दिसते! रूपांतरकाला मात्र ते दुसरेच नाव वाटते. तो जुनी फाइल वगळलेली आणि नवी आगंतुक म्हणून दाखवितो. यासाठी रूपांतर लिनक्स यंत्रावर करावे, कारण ते नावे जशी आली तशी ठेवते. आणि आधी सर्व नावे एकाच रीतीने लिहून घ्यावीत. आमचा कल तर याही पुढे आहे. फाइलचे नाव समूहाचा संकेत आणि क्रमांक यांपुरते ठेवावे आणि 'पायऱ्या' हा शब्द फाइलच्या आत, मजकुरात लिहावा. तेथे त्याला कोणी हात लावीत नाही.

ठशांच्या मोठ्या छायाचित्रांचीही एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. गिटमध्ये अवजड फाइली पुष्कळदा मुख्य भांडारात न ठेवता बाहेरच्या साठ्यात ठेवतात आणि आत तीन ओळींची एक चिठ्ठी राहते. चिठ्ठीत आकार आणि ओळखखूण असते, चित्र नसते. भांडार हलविताना बाहेरचा साठा बरोबर नेला नाही, तर फाइलींची संख्या बरोबर भरते, नावे बरोबर असतात, आणि चित्र उघडू जाता तीन ओळी हाती येतात. सबव्हर्जनमध्ये दुसऱ्या भांडारातून जोडून घेतलेले फोल्डर असतात, तेही आपोआप येत नाहीत. नाणेघाटाची भिंत ती हीच.

मग गहाळ फाइल आढळली तर करावे काय? रूपांतरकापुढे दोनच वाटा असतात, थांबणे किंवा ओलांडून पुढे जाणे. पुढे जाण्याची सोय बहुतेक साधनांत असते आणि घाईत असलेला मनुष्य तीच निवडतो. येथे आम्हांस राजगृहाच्या पहिल्या संगीतीचे स्मरण होते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ती हकीकत आहे. संघाची इच्छा असल्यास क्षुद्र आणि अनुक्षुद्र नियम रद्द करावेत, असे भगवान परिनिर्वाणापूर्वी म्हणाले होते, हे आनंदाने सांगितले. कोणते नियम क्षुद्र, असे थेरांनी विचारले. ते भगवंतांना विचारण्याचे राहून गेले होते. मग थेरांची मते पडू लागली; कोणी चार पाराजिकांखेरीज बाकीचे क्षुद्र म्हणाला, कोणी ती रेषा आणखी पुढे ओढली. अखेर महाकस्सपांनी संघापुढे ठराव मांडला की, जे घालून दिलेले नाही ते नव्याने घालू नये आणि जे घालून दिले आहे ते रद्द करू नये. रूपांतर करणाऱ्याची स्थिती तीच असते. कोणती फाइल क्षुल्लक, हे जो सांगू शकला असता तो आता उपलब्ध नसतो. म्हणून वगळू नये. आणि जे नाही ते आपल्या तर्काने घडवूही नये.

या दुसऱ्या भागाकडे अधिक दुर्लक्ष होते. एखाद्या जुन्या आवृत्तीतील फाइल मिळत नाही, तेव्हा तिच्या जागी आजची फाइल ठेवून खिंड लढविण्याचा मोह होतो. रूपांतर पूर्ण होते, पण १९९० च्या दशकातील नोंदीत आजचे वाचन जाऊन बसते. शिलालेखशास्त्राने याविषयी फार पूर्वीच शिस्त घालून दिली आहे : झिजलेले अक्षर चौकटी कंसात, आणि अक्षर मुळीच वाचता येत नसेल तर ठिपके. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केले. संपादक वसंत मून यांच्या देखरेखीखाली निघालेल्या त्या खंडांत हस्तलिखित जेथे अपुरे आहे तेथे तशी टीप छापलेली आढळते. पुढचा मजकूर कोणी आपल्या मनाने पुरा केलेला नाही. गहाळ फाइलीच्या जागी अशीच टीप असलेली फाइल ठेवावी : मूळ नाव काय, जुन्या भांडारातील कोणत्या नोंदीत तिचा उल्लेख आहे, कोठे कोठे शोध घेतला आणि केव्हा.

शोध मात्र रूपांतरापूर्वी घ्यावा. ज्या ज्या सहकाऱ्याने जुन्या भांडारातून कधी काळी प्रत उतरवून घेतली असेल, त्याच्या यंत्रात, जुन्या सीडींत, पेनड्राइव्हवर पाहावे. सी.व्ही.एस.च्या प्रतीत त्या त्या वेळची स्थिती तेवढी मिळते, इतिहास मिळत नाही. तरी काहीच नसण्यापेक्षा ते बरे. रूपांतरानंतर केवळ शेवटची स्थिती नव्हे, तर खूण करून ठेवलेली प्रत्येक आवृत्ती जुन्या आणि नव्या भांडारातून वेगवेगळी उतरवून घ्यावी. मग फाइलींची यादी आणि प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून निघणारा हॅश जुळवून पाहावा. जुन्या प्रणाली फाइल बाहेर देताना तिच्यात दिनांक किंवा क्रमांक आपोआप भरीत, ओळींची अखेरची चिन्हेही बदलीत. ती सोय बंद करूनच तुलना करावी, नाहीतर प्रत्येक फाइल बदललेली दिसेल आणि खरा बदल त्या गर्दीत लपेल. गिटच्या आतील तपासणीसाठी 'एफएससीके' नावाची आज्ञा आहे. यादीत नाव असून मजकूर नसेल, तर ती तसे स्पष्ट सांगते.

जुने भांडार नष्ट करू नये. ते केवळ वाचनासाठी खुले ठेवावे, आणि जुन्या व नव्या नोंद-क्रमांकांचे एक कोष्टक नव्या भांडारातच ठेवावे. ल्यूडर्सचे क्रमांक आजही उपयोगी पडतात ते पुढच्या सूचीकारांनी आपल्या क्रमांकासमोर त्यांचा क्रमांक लिहिण्याची तसदी घेतली म्हणून. दक्षिणागिरीहून आलेल्या पुराण थेरांना संगीतीचा पाठ स्वीकारण्याची विनंती झाली, तेव्हा त्यांनी त्या पाठाची प्रशंसा केली, पण आपण स्वतः भगवंतांच्या मुखातून जसे ऐकले तसेच धारण करू, असे सांगितले. चुल्लवग्गाने तेही नोंदून ठेवले.

आणि पुढे केव्हा तरी ती गहाळ फाइल सापडलीच तर? जुना इतिहास उसवून ती मागल्या जागी शिवण्याचा प्रयत्न करू नये. तसे केल्यास त्यानंतरच्या सर्व नोंदींच्या ओळखखुणा बदलतात आणि इतरांजवळच्या प्रती निरुपयोगी होतात. गिटमध्ये प्रत्येक नोंदीस दोन दिनांक असतात, एक मजकूर लिहिणाऱ्याचा आणि दुसरा तो भांडारात दाखल करणाऱ्याचा. पहिल्यात मूळ दिनांक द्यावा, दुसऱ्यात आजचा राहू द्यावा, आणि फाइल कोणत्या सीडीवर, कोणाच्या संग्रहात मिळाली ते नोंदीच्या मजकुरात लिहावे. जागा राखणारी जुनी टीप त्याच नोंदीत काढून टाकली तरी चालते. इतिहासात ती राहतेच.